बेटावरची शेती खुणावते? आधी तिथला पावसाळा पाहून या

नागपूरहून समुद्राकडे कोणत्याही दिशेने निघा, रात्र गाडीतच जाते. मुंबई काय आणि विशाखापट्टणम काय, अंतर आठशे किलोमीटरच्या आसपासच. त्यातून मे महिना उजाडला, पारा ४५च्या वर गेला, कूलरच्या टाकीत दिवसातून दोनदा पाणी ओतायची वेळ आली, की इथल्या कितीतरी माणसांच्या मनात समुद्र येतो. मिहानमध्ये दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणारा तरुण असतो, निवृत्तीला दोन वर्षे उरलेले बँकेतले साहेब असतात, कृषी पदवी हातात घेऊन बाहेर पडलेली मुलगी असते. सगळ्यांचा विचार थोड्याफार फरकाने एकच असतो. कुठल्यातरी हिरव्यागार बेटावर जावे, विषमुक्त शेती करावी, नारळ-मिरी लावावी आणि शांतपणे जगावे.

ही ओढ मनापासूनची असते. तिला हसण्यात अर्थ नाही आणि तिच्या भरात फ्लॅट विकण्यातही नाही. तिला वाट हवी असते. ती वाट तीन गोष्टींवर उभी राहते. पहिली गोष्ट म्हणजे बेटावर जमीनमालक होण्याच्या इराद्याने जाऊ नये, काम करायला आणि शिकायला जावे. दुसरी, सेंद्रिय शेतीची शाळा नागपूरच्या आसपासच सुरू करावी. आणि तिसरी, बेट पहिल्यांदा पाहायचे ते पावसाळ्यात पाहावे.

बेट कोणते?

भारतीय नागरिकासमोर देशातल्या देशात मुख्यतः तीन पर्याय आहेत, आणि तिन्हींचा स्वभाव वेगळा आहे.

पहिला अंदमान-निकोबार. मराठी घरांत हे नाव सावरकर आणि सेल्युलर जेलमुळे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. शेतीचा मुलूख म्हणून मात्र फारसे नाही. सरकारी गणतीप्रमाणे इथे लहानमोठी बेटे आणि खडक मिळून ८३६ भूभाग आहेत, पण कायम वस्ती आहे ती ३१ बेटांवर. २०११च्या जनगणनेत सगळ्या द्वीपसमूहाची लोकसंख्या ३,८०,५८१ होती. ऐंशी टक्क्यांहून जास्त भूभाग जंगलाखाली असल्यामुळे शेतीला उरलेली जमीन अगदी थोडी. फाळणीनंतर, १९४९पासून, पूर्व बंगालातल्या निर्वासित कुटुंबांना इथे जमिनी देऊन वसवले गेले. त्याआधी जंगलतोडीसाठी छोटा नागपूरकडचे मजूर आले, ब्रह्मदेशातून करेन लोक आले. त्यामुळे बंगाली, तमीळ, तेलुगू अशा अनेक भाषा इथे नांदतात आणि बाजारात सगळे हिंदी बोलतात. नागपूरकराला तिथे बोलण्याची अडचण येत नाही. श्रीविजयपुरम (२०२४पर्यंतचे पोर्ट ब्लेअर) ही राजधानी. शहीद द्वीप, म्हणजे पूर्वीचे नील बेट, भाजीपाल्यासाठी प्रसिद्ध आहे.

दुसरा पर्याय लक्षद्वीप. वस्ती असलेली मोजून दहा-अकरा बेटे, एकूण क्षेत्रफळ ३२ चौरस किलोमीटर आणि पीक जवळजवळ एकच, नारळ. बाहेरच्या भारतीयालाही तिथे पाऊल ठेवण्यासाठी परवाना लागतो. पाहायला सुंदर, पण तिथे जाऊन शेती करण्याची वाट बाहेरच्यासाठी बंदच आहे असे समजावे.

तिसरा पर्याय बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. गोव्यात मांडवी नदीच्या मुखाजवळ चोडण आणि दिवाडी ही दोन बेटे आहेत. फेरीबोटीने काही मिनिटांत पलीकडे जाता येते. चोडणच्या टोकाला सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, आणि दोन्ही बेटांवर खाजण शेती आहे. खाजण म्हणजे भरतीचे खारे पाणी बांध घालून अडवायचे, बांधातल्या दारांनी त्याची ये-जा सांभाळायची आणि पावसाळ्यात आत भात घ्यायचे. कोरगूट नावाचा खारेपणा सोसणारा भात याच जमिनीतला. शेकडो वर्षे चालत आलेली, रसायनांशिवाय उभी राहिलेली ही शेती नागपूरहून रेल्वेने गाठता येते.

जमिनीचे स्वप्न आणि सातबारा

बेटावर एकरभर जागा घेऊन टाकू, हा विचार सर्वांत आधी येतो आणि सर्वांत आधी तोच बाजूला ठेवावा लागतो.

अंदमान-निकोबारमध्ये १९६६चे जमीन महसूल व जमीन सुधारणा विनियमन लागू आहे. त्यानुसार सगळ्या जमिनीची मालकी मुळात सरकारची. शेतकरी ती कुळाच्या, अनुदानधारकाच्या किंवा परवानाधारकाच्या नात्याने कसतात. आपल्याकडच्या सातबाऱ्याची सवय असलेल्या माणसाला हा फरक सहज कळत नाही. 'स्वस्तात प्लॉट' म्हणून दाखवलेल्या जागेवर विकणाऱ्याचा नेमका हक्क कोणता, तो हस्तांतरित होतो का, हे तिथल्या महसूल कार्यालयात जाऊन कागदावर पाहिल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये. निकोबार बेटांचा बहुतेक भाग आदिवासी राखीव आहे. १९५६च्या आदिम जमाती संरक्षण विनियमनामुळे तिथे पासशिवाय जाता येत नाही आणि बाहेरच्याला जमिनीचा प्रश्नच येत नाही. हे संरक्षण योग्य आहे, आणि जाणाऱ्याने ते मनापासून मानले पाहिजे.

गोव्यातही वाट सोपी नाही. २०२३च्या कायद्याने भातशेतीची जमीन बिगरशेतकऱ्याला विकण्यावर निर्बंध आणले. महाराष्ट्रात तर ही अट जुनीच आहे. विदर्भासाठी १९५८चा कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम आहे, मराठवाडा वगळता उरलेल्या महाराष्ट्रासाठी १९४८च्या कायद्याचे कलम ६३. शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. म्हणून ज्यांच्या घरी वडिलोपार्जित शेती आहे त्यांनी निघण्याआधी एक काम करावे. सातबाऱ्यावर वारस म्हणून आपले नाव चढले आहे का ते पाहावे, नसल्यास तलाठ्याकडे फेरफारासाठी अर्ज करावा. काटोलकडची पडीक दोन एकर काय कामाची, असे म्हणून ती विकून मोकळे होणारे पुढे कोकणात जमीन घेताना अडतात.

मग उरते काय? भाड्याने किंवा भागीने कसणे, एखाद्या बागायतदाराकडे काम करणे, होमस्टेच्या परसबागेची जबाबदारी घेणे, संशोधन केंद्रात किंवा संस्थेत प्रशिक्षण घेणे. सुरुवातीला एवढेच पुरेसे असते. त्यात भांडवल बुडत नाही आणि माणूस घडतो.

शाळा नागपूरचीच

सेंद्रिय शेती शिकायला बेटावर जावे लागत नाही. किंबहुना नागपूरइतके सोयीचे गाव देशात फार कमी असेल. राष्ट्रीय जैविक व नैसर्गिक शेती केंद्राचे विभागीय केंद्र अमरावती रोडवर गोंडखैरीला आहे. देशभरच्या मातीचे नकाशे करणारी राष्ट्रीय मृद सर्वेक्षण संस्था त्याच अमरावती रोडवर शहराच्या हद्दीत आहे. महाराजबागेजवळचे कृषी महाविद्यालय १९०६पासूनचे. मोसंबी-संत्र्याची आणि कापसाची केंद्रीय संशोधन केंद्रेही इथलीच. घरबसल्या पाया पक्का करायचा तर इग्नूचा सेंद्रिय शेतीचा सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम बारावी उत्तीर्ण कोणालाही करता येतो.

आणि माणसे? नागपूरच्याच कृषी महाविद्यालयात शिकलेले, अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर यांना नैसर्गिक शेतीच्या कामासाठी २०१६मध्ये पद्मश्री मिळाली. यवतमाळ जिल्ह्यातले सुभाष शर्मा अनेक वर्षे रासायनिक शेती करत होते. उत्पन्न घटत गेले तेव्हा त्यांनी गाय, झाडे, पक्षी आणि शेतातच मुरवलेले पाणी यांच्यावर शेती उभी केली. त्यांना २०२५मध्ये पद्मश्री मिळाली. वर्ध्याच्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पांनी गावाच्या अर्थशास्त्राचा विचार मांडला, तेही इथून दीड-दोन तासांवर. थोडे लांब इंदूरला सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात कंपोस्टची 'इंदूर पद्धत' बसवली. जगभरच्या सेंद्रिय चळवळीचा तो एक मूळ धागा आहे.

पहिला खरीप इथेच, कुणा सेंद्रिय शेतकऱ्याच्या बांधावर काढावा. जून ते जानेवारी. पेरणीपासून तूर कापून होईपर्यंत, शनिवार-रविवार का होईना, पण सलग. या काळात जिवामृत हे द्रवखत स्वतःच्या हाताने करून पाहावे. दोनशे लिटरचा ड्रम सावलीत ठेवायचा. त्यात पाणी, देशी गाईचे ताजे शेण दहा किलो, गोमूत्र पाच ते दहा लिटर, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. काठीने सकाळ-संध्याकाळ ढवळायचे, वर गोणपाट टाकायचे, दोन-तीन दिवसांनी एकरभर रानाला द्यायचे. हे एकदा केले की अनेक गोष्टी आपोआप कळतात. दहा किलो शेण दर वेळी कुठून येणार, गूळ-बेसनाचा खर्च महिन्याला किती, वास सहन होतो का, आणि दोनशे लिटरचा ड्रम चिखलातून शेताच्या टोकापर्यंत न्यायला किती माणसे लागतात. ज्याला हे सहा-आठ महिने करूनही हवेसे वाटते, त्यानेच पुढचे तिकीट काढावे.

काळी माती विसरा

नागपूरला वर्षाला अकराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. अंदमानात तीन हजारांच्या घरात, मे महिन्यापासून जवळपास डिसेंबरपर्यंत. या एका फरकाने शेतीचे सगळे गणित उलटते. आपल्याकडची काळी माती पाणी आणि अन्नद्रव्ये धरून ठेवते. बेटावरच्या उतारावर पाऊस ती धुऊन नेतो, माती आंबट होत जाते. त्यामुळे तिथे जमीन उघडी ठेवणे हीच मोठी चूक ठरते. पालापाचोळ्याचे आच्छादन, उताराला आडवी गिरिपुष्पाची कुंपणे, नारळाच्या झावळ्या आळ्यातच कुजवणे, ही तिथली रोजची कामे. जानेवारी ते एप्रिलमध्ये पुन्हा उलटा प्रकार. तीन हजार मिलिमीटर पाऊस पडलेल्या बेटावर भाजीला पाणी पुरत नाही. म्हणून शेततळे तिथेही हवेच.

शेणखड्ड्याचेही तसेच. विदर्भात तो शेताचे धन. पण नारळाच्या बागेत उघडा शेणखड्डा म्हणजे गेंडा भुंग्याची पैदास. भुंग्याच्या अळ्या कुजत्या शेणात वाढतात आणि भुंगे नारळाचा कोवळा शेंडा पोखरतात. बागायतदार शेंड्यात लोखंडी आकडी घालून भुंगा ओढून काढतात, पानांच्या बेचक्यात निंबोळी पेंड आणि वाळू मिसळून भरतात, आणि खड्ड्यात मेटारायझियम ही बुरशी सोडतात. नागपूरहून शिकून गेलेला माणूस उत्साहाने बागेच्या मधोमध खत कुजवायला लागला, तर शेजारीच त्याला थांबवतील.

दुसरा शत्रू शंखी गोगलगाय. मराठवाड्यातल्या सोयाबीन शेतकऱ्यांनी २०२२च्या पावसाळ्यात हिचा उपद्रव सोसला आहे. अंदमानात ही आफ्रिकी गोगलगाय दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जपान्यांबरोबर आली असे मानले जाते, आणि आता ती तिथलीच झाली आहे. पावसाळ्यात संध्याकाळनंतर ती बाहेर पडते आणि रातोरात कोवळी रोपे फस्त करते. सेंद्रिय शेतकऱ्याच्या हाती उपाय एकच, मेहनतीचा. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे वाफ्यांमध्ये पसरायची, पहाटे ती उलटून खाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून वेचायच्या, मिठाच्या पाण्यात टाकायच्या, वाफ्याभोवती चुन्याचा पट्टा मारायचा. पाऊस आला की चुना वाहून जातो. मग पुन्हा पट्टा मारायचा. इंग्रजांच्या काळात आणून सोडलेल्या चितळांचे कळप भाजीत शिरतात ते वेगळेच.

समुद्रही कधी शेतात येतो. २६ डिसेंबर २००४च्या त्सुनामीने अंदमान-निकोबारच्या सखल भातखाचरांत खारे पाणी घुसवले. तिथल्या केंद्रीय द्वीप कृषी संशोधन संस्थेने अशा जमिनींसाठी रुंद गादीवाफे आणि मध्ये खोल चर, अशी पद्धत बसवली. वाफ्यावर भाजी आणि चरात मासे. गराचरमा इथली ही संस्था १९७८पासून काम करते आहे. अंदमानात उतरलेल्या शेतीप्रेमी माणसाने समुद्रकिनाऱ्याआधी हिचे आवार पाहावे.

या सगळ्यासाठीच पहिली भेट जुलै-ऑगस्टमध्ये हवी. डिसेंबरातले निळे पाणी पाहून घेतलेला निर्णय पर्यटकाचा असतो. सतत ओले कपडे, बुरशी लागलेल्या चपला, खवळलेल्या समुद्रामुळे रद्द झालेली बोट, दोन-दोन दिवस गायब वीज, यांतूनही सकाळी उठून बागेत जावेसे वाटते का, ते तेव्हाच कळते.

मधला टप्पा: कोकण

नागपूर ते अंदमान ही उडी एकदम मारण्यापेक्षा मध्ये काही काळ कोकणात काढावा. हवा तशीच दमट, पाऊस तसाच धो-धो, पिकेही तीच, आणि भाषा, कायदा, बँक, दवाखाना सगळे ओळखीचे.

दापोलीचे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ १९७२चे. त्याच्या भाट्ये, रत्नागिरी येथील नारळ संशोधन केंद्राने 'लाखी बाग' ही कल्पना रुजवली. नारळाच्या दोन झाडांमधली जागा मोकळी न ठेवता तिथे जायफळ, दालचिनी आणि काळी मिरी लावायची, म्हणजे त्याच जमिनीतून लाखाचे उत्पन्न निघावे. मिरीचा वेल नारळाच्या खोडावर चढतो, दालचिनी खाली झुडपासारखी राखतात, जायफळ मधल्या सावलीत वाढते. 'कोकण सुगंधा' हे जायफळ आणि 'कोकण तेज' ही दालचिनी विद्यापीठाचीच वाणे. उष्ण प्रदेशातल्या कोणत्याही बेटावर पुढे हेच करायचे असते. ते मराठीत, मराठी बागायतदाराशेजारी उभे राहून शिकता येते.

आणखी एक कौशल्य इथे कमवावे, नारळाच्या झाडावर चढणे. पाडेली, म्हणजे नारळ पाडणारे, मिळत नाहीत ही सगळ्या किनारपट्टीची तक्रार आहे. नारळ विकास मंडळाने 'फ्रेंड्स ऑफ कोकोनट ट्री' नावाने यंत्राच्या साह्याने झाडावर चढण्याचे प्रशिक्षण २०११पासून सुरू केले. हे येणारा माणूस कोणत्याही बेटावर बिनकामाचा राहत नाही.

'सेंद्रिय' हा शिक्का कसा मिळतो?

बेटावर कोणी रसायने वापरत नाही, म्हणजे सगळे सेंद्रियच, असे धरून चालू नये. विकायचे असेल तर प्रमाणपत्र लागते. निर्यातीसाठी २००१पासूनची एनपीओपी ही व्यवस्था आहे. त्यात बाहेरची संस्था येऊन तपासते. देशांतर्गत विक्रीसाठी पीजीएस-इंडिया आहे. त्यात किमान पाच शेतकऱ्यांचा गट एकमेकांची शेते तपासतो. रसायने थांबवल्यापासून हंगामी पिकांना साधारण दोन वर्षे आणि फळबागांना तीन वर्षे रूपांतराचा काळ मोजतात. या काळात माल सेंद्रिय म्हणून विकता येत नाही.

बेटांच्या बाबतीत सरकारने एक वेगळी वाट काढली. जिथे पिढ्यान्‌पिढ्या रसायने पोचलीच नाहीत, असा सलग प्रदेश एकदम प्रमाणित करायचा. कार निकोबार आणि नानकौरी समूहातले १४,४९१ हेक्टर क्षेत्र २०२१मध्ये असे प्रमाणित झाले, देशातले पहिले. पाठोपाठ लक्षद्वीपची सगळी शेतजमीन, सुमारे २,७०० हेक्टर. निकोबारी लोक 'तुहेत' म्हणजे मोठ्या एकत्र कुटुंबाच्या मालकीच्या नारळबागा सांभाळत आले. हा शिक्का त्यांच्या त्या सवयीला मिळाला.

याच्या उलट उदाहरण श्रीलंकेचे. २०२१च्या उन्हाळ्यात तिथल्या सरकारने रासायनिक खतांवर एकाएकी बंदी घातली. देशभर पुरेल इतके कंपोस्ट नव्हते, शेतकऱ्यांना तयारीला हंगामही मिळाला नाही. भात आणि चहा दोन्ही कोसळले आणि नोव्हेंबरात बंदी उठवावी लागली. सेंद्रिय शेतीचा त्यात दोष नव्हता, घाईचा होता. मातीत जीव परत यायला वर्षे लागतात. ज्याने एका वर्षाच्या बचतीवर बेट गाठले आहे, त्याने हे आकड्यात मांडून पाहावे.

पैसा, तब्येत, घर

उंच जातीच्या नारळाला फळ धरायला सहा ते आठ वर्षे लागतात, ठेंगू जातीला तीन-चार. मिरीला तीन-चार, जायफळाला सात-आठ. एकरी नारळ सुमारे सत्तर. झाडाला वर्षाकाठी ऐंशी नारळ धरले तर ५,६०० नारळ होतात. याला नागपूरच्या किरकोळ भावाने गुणू नये. बेटावरच्या बागेत व्यापारी देतो त्या भावाने गुणावे, त्यातून पाडणावळ, सोलणावळ आणि बोटीचे भाडे वजा करावे. जो आकडा उरेल तो पाहून बहुतेकांच्या लक्षात येते की पहिली काही वर्षे घर चालेल ते भाजीपाला, केळी, अननस, हळद-आले, कोंबड्या आणि पाहुण्यांच्या जेवणावर. हातात किमान बारा महिन्यांचा घरखर्च, परतीचे तिकीट आणि आरोग्य विमा असल्याशिवाय नोकरीचा राजीनामा देऊ नये. आधी बिनपगारी रजा मागून पाहावी.

तब्येतीचे एक नाव लक्षात ठेवावे, लेप्टोस्पायरोसिस. उंदीर आणि जनावरांच्या मूत्रातून साचलेल्या पाण्यात येणारा हा ताप पायाच्या साध्या जखमेतून शरीरात शिरतो. अंदमानात भाताच्या दिवसांत याच्या साथी आलेल्या आहेत. म्हणून चिखलात अनवाणी उतरू नये, गुडघ्यापर्यंतचे गमबूट वापरावेत, जखम झाकावी, ताप आला तर दुसऱ्याच दिवशी डॉक्टरला 'मी शेतात काम करतो' हे सांगावे. खाडीच्या कडेला खाऱ्या पाण्यातल्या मगरी असतात. स्थानिक माणूस जिथे उतरत नाही तिथे आपणही उतरू नये.

घरच्यांचा विचार या तिन्हींत कठीण. नागपूरहून अंदमानला जायला कोलकाता किंवा चेन्नईहून विमान, नाहीतर जहाजाने तीन-चार दिवस. आई आजारी आहे असा फोन आला तर घर गाठायला किती वेळ लागेल, हे आधी घरात बसून, सगळ्यांसमोर बोलावे.

आणि परदेशी बेटे?

लंडनच्या सू कॉपर्ड या सेक्रेटरी बाईंनी १९७१मध्ये शहरी माणसांना शनिवार-रविवारी सेंद्रिय शेतावर नेण्याचा उपक्रम सुरू केला. त्यातून वूफ ही जगभरची चळवळ झाली. दिवसाला चार ते सहा तास काम, बदल्यात जेवण आणि राहणे. भारतातही ती आहे आणि सुरुवात देशातल्या शेतांपासून करणे शहाणपणाचे. परदेशी बेटावर जाताना व्हिसा नीट वाचावा. अनेक देशांत जेवणाखाणाच्या बदल्यात केलेले कामही कामच धरतात, आणि पर्यटक व्हिसावर ते बेकायदा ठरते. यजमानाचे गोड ईमेल विमानतळावर उपयोगी पडत नाही; दूतावासाचे उत्तर लेखी घ्यावे. एजंटने पासपोर्ट ठेवून घ्यायचे म्हटले, तर तिथेच थांबावे.

मराठी माणूस उष्ण कटिबंधातल्या बेटावर शेतीत राबला, याला जुना इतिहास आहे. १८३४नंतर करारबद्ध मजूर म्हणून हजारो भारतीय मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत गेले, त्यांत कोकणातले आणि पश्चिम महाराष्ट्रातले मराठी लोकही होते. ज्या घाटावर ते उतरले तो आप्रवासी घाट २००६पासून जागतिक वारसा आहे. त्यांच्या वंशजांच्या घरी आजही गणपती बसतो. ती माणसे अंगठा उठवलेल्या कराराने बांधलेली होती. आज जाणाऱ्याच्या हाती निवड आहे. म्हणून कामाचे तास, राहण्याची जागा, आठवड्याची सुटी आणि मध्येच सोडून येण्याची मुभा, या चार गोष्टी कागदावर घेतल्याशिवाय कोणत्याही बेटावर पाऊल टाकू नये.

दोन वर्षांचा आराखडा

पहिले सहा महिने अभ्यासक्रम आणि प्रशिक्षण, नोकरी सांभाळून. पुढचा एक खरीप विदर्भातल्या सेंद्रिय शेतावर. मग रजा काढून कोकणात किंवा दिवाडी-चोडणच्या खाजणात भातलावणी. त्यानंतर जुलै-ऑगस्टमध्ये अंदमानात महिनाभर, हॉटेलात नाही, शेतकऱ्याच्या घरी. यानंतरही मन तेच सांगत असेल तर वर्षभरासाठी जावे, जमीन न घेता. आणि मन दुसरे सांगू लागले, काटोलच्या दोन एकरांत गिरिपुष्पाचे कुंपण घालावेसे वाटू लागले, तर तेही तितकेच मोलाचे आहे. या दोन वर्षांत शिकलेले काहीही वाया जात नाही.

ज्यांच्या मनात हे खरोखर आहे त्यांनी या आठवड्यात एवढेच करावे. एक दिवस काढून गोंडखैरीच्या केंद्रात जावे, पुढचा प्रशिक्षण वर्ग कधी सुरू होतो ते विचारावे आणि आपले नाव नोंदवून यावे.